गाडीतच बिऱ्हाड : बे एरियातले सात महिने

चाकावरचा | १४ नोव्हेंबर, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या माउंटन व्ह्यूमध्ये राहतो. घरात नाही, आरव्हीत. गाडी १९९९ सालची, २४ फुटी. पुढे ट्रकचं तोंड, मागे खोका आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा. साडेचौदा हजार डॉलरला घेतली. पहिल्याच पावसात छत गळलं, त्यात आणखी दोन हजार गेले.

आधी सनीव्हेलला एका जुन्या घरात आम्ही चौघे राहायचो, माझ्या खोलीचे १,३५० जायचे. मालकाने घर विकायला काढलं आणि ६० दिवसांची नोटीस हातात पडली. एकट्याने राहायचं तर साध्या वन बेडरूमचं बोलणंच २,९०० पासून सुरू. माझं काम कंत्राटी, टेस्टिंगचं. गेल्या तीन वर्षांत दोनदा तीन-तीन महिने घरी बसलोय. आमच्या काउंटीत एकट्या माणसाची वर्षाची कमाई लाख डॉलरच्या आत असली तरी तो सरकारी हिशेबात 'लो इन्कम'. मी त्या रेषेवर झोके घेतो. परवडणाऱ्या घरांच्या लॉटरीत नाव घालायचं म्हटलं की कमाई जास्त भरते, आणि बाजारात गेलं की कमी पडते.

शेवटी एक दिवस वहीत उभी रेघ मारून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला आणि गाडी घेतली. हौसेने घेतली म्हणा. कुणी कीव करू नये म्हणून आधीच सांगतो.

आता रोजचं. ताजं पाणी ४० गॅलन भरतं, काटकसरीने आठ दिवस पुरतं. अंघोळ जिममध्ये. छतावर ४०० वॉटचं सोलर आहे, त्यावर लॅपटॉप, दिवे आणि पंखा चालतो. स्वयंपाक प्रोपेनवर. टाक्या दोन: धुण्याभांड्याच्या पाण्याची ग्रे आणि संडासाची ब्लॅक. दर दहा-बारा दिवसांनी डंप स्टेशनवर जाऊन पैसे भरून रिकाम्या करायच्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा पाइपाची कडी नीट बसली नव्हती. पुढचं लिहीत नाही, जेवणाच्या वेळेला वाचत असाल.

सगळ्यात मोठा शत्रू पोलीस नाही, वाफ. बंद खोक्यात वरण-भात केला की सकाळी काचांवरून पाणी ओघळतं आणि गादीखालचं प्लायवुड काळं पडतं. आणि फोडणी! तेलात मिरची पडली रे पडली की धुराचा अलार्म बोंबलायला लागतो. आता क्रम ठरलाय. आधी अलार्मवर शॉवर कॅप चढवायची, मग छताचा पंखा, मग मोहरी. शेवटी आठवणीने टोपी काढायची, कारण बंद गाडीत प्रोपेन जळतोय आणि तो अलार्म जिवाचा आहे. हे वाचून कुणी टोपीचं अनुकरण करू नका.

इथे कुणी असं राहिलंय का? अनुभव ऐकायला आवडतील.

---

स्वानंदी_एम | १४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

बापरे! शॉवर कॅपला ठ्ठो. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). आईबाबांना सांगितलंय का घरी?

---

पुणेरी_चिवडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:०५

प्रश्न असा आहे की एवढे हाल करून तिथेच का राहायचं? साडेचौदा अधिक दोन हजार डॉलरमध्ये इकडे फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं असतं. या परत. सिंहगड रोडला ट्रॅफिकमध्ये तसंही आम्ही गाडीतच राहतो.

---

नवखा_एचवन | १५ नोव्हेंबर, सकाळी १०:३१

दादा, मीही याच विचारात आहे. एचवन व्हिसावर असताना हे चालतं का? पत्ता काय द्यायचा? भाड्याची टपालपेटी चालेल ना?

---

जुना_खोंड | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

@नवखा_एचवन, टपालपेटी टपालापुरती चालते, राहण्याचा पत्ता म्हणून नाही. पत्ता बदलला की १० दिवसांत एआर-११ हा इमिग्रेशनचा फॉर्म भरून कळवावं लागतं आणि त्यात राहायची जागा विचारतात. गाडीच्या लायसनलाही कॅलिफोर्नियात तेच १० दिवस. मित्राच्या घरचा पत्ता देऊन मोकळे होणारे बरेच आहेत, पण व्हिसावर असताना कागदावर एक आणि प्रत्यक्षात भलतंच, ही हौस करू नकोस. आधी वकिलाला विचार. धागाकर्त्याकडे बहुतेक ग्रीन कार्ड असावं.

बाकी कायद्याची गंमत सांगतो, मी इथे १९९८ पासून आहे. पालो आल्टोने २०१३ मध्ये गाडीत राहणं हाच गुन्हा करून ठेवला होता. पुढच्याच वर्षी नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने लॉस एंजेलिसचा तसाच नियम मोडीत काढला. नियम इतका मोघम, की गाडीत चार पिशव्या ठेवून डबा खाणारा माणूसही त्यात सापडला असता. पालो आल्टोने आपलाही मुकाट्याने मागे घेतला.

तेव्हापासून शहरं हुशार झाली. गाडीत राहू नका असं म्हणतच नाहीत, लावू नका म्हणतात. माउंटन व्ह्यूचं मेझर सी तेच. नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मत देऊन पास केलं. गाडी २२ फुटांहून लांब किंवा ७ फुटांहून रुंद वा उंच असली, तर ४० फूट किंवा त्याहून अरुंद रस्त्यावर लावायची नाही. गावातले बहुतेक रस्ते तेवढेच. खटला झाला, २०२२ मध्ये तडजोड झाली, आणि निदान तीन मैल रस्ते तरी मोकळे ठेवायचे असं ठरलं. आणखी वर ७२ तासांचा नियम आहेच, तीन दिवसांत गाडी हलली नाही तर उचलून नेतात. सॅन फ्रान्सिस्कोने तर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांना दोन तासांवर आणलं, परमिट असेल तरच सूट.

त्यात जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पासच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला, की उघड्यावर मुक्काम ठोकणाऱ्याला दंड करणं ही काही क्रूर शिक्षा नव्हे. म्हणजे हवा कुठे वाहतेय ते ओळखा.

---

क्यूपर्टिनोकर | १५ नोव्हेंबर, दुपारी ३:४४

थोडं कडू लिहिते, राग मानू नका. तुम्ही टाकी नेऊन रिकामी करता, चांगलं करता. सगळे करत नाहीत. माझी बहीण जिथे राहते तिथे रस्त्याच्या कडेच्या जाळीत रात्री पाइप सोडलेला आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. ती जाळी सांडपाण्याच्या प्रकल्पात जात नाही, पावसाचं पाणी कुठलीही प्रक्रिया न होता थेट खाडीत जातं. तक्रार केली की आम्ही लगेच गरीबद्वेष्टे. आम्हीही पंचवीस वर्षं हप्ते भरतोय, आम्हाला घर कुणी आंदण दिलेलं नाही.

---

चाकावरचा | १५ नोव्हेंबर, रात्री ९:१८

@स्वानंदी_एम, आईला नाही सांगितलं अजून. वडील नाहीत. व्हिडिओ कॉलला मागे पांढरा पडदा लावतो. परवा म्हणाली, "हा पडदा कधी धुतोस की नाही रे?"

@पुणेरी_चिवडा, सिंहगड रोडवाल्या वाक्याला दाद. परत यायचं म्हणजे नोकरी तिथली हवी. बेचाळिसाव्या वर्षी, कंत्राटी अनुभवावर. तुमच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, खरंच.

@जुना_खोंड, हो, ग्रीन कार्ड आहे, आणि गाडी त्याच तीन मैलांत आहे. रस्त्याचं नाव लिहीत नाही. कॅलट्रेनचे रूळ जवळ आहेत एवढंच सांगतो. सप्टेंबर २०२४ पासून गाड्या विजेवर झाल्या म्हणतात, आधी डिझेलने काय होत असेल देव जाणे. भोंगा मात्र आहे तोच.

@क्यूपर्टिनोकर ताई, राग नाही. तुम्ही म्हणता ते घडतं. आमच्याच रांगेत एक गाडी आहे, तिचा वास मला तुमच्या आधी येतो. पण डंप स्टेशनला जायचं तर गाडी चालू हवी, पेट्रोल हवं आणि सुट्टी हवी. ज्याची गाडी बंद पडलीय त्याने काय करायचं? रांगेच्या टोकाला महिन्यातून दोनदा टाकी उपसणारा टँकर उभा केला तर खाडीही वाचेल.

---

दादरकर_काका | १६ नोव्हेंबर, सकाळी ७:२२

वाचतोय. माझे वडील रत्नागिरीहून १९५४ साली मुंबईत आले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. एक खोली आणि गावातले पंचवीस-तीस पुरुष. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचे गिरणीत गेले की रात्रपाळीचे त्यांच्याच जागेवर आडवे. जेवण खानावळवाल्या बाईंकडे. उन्हाळ्यात निम्मे लोक खाली फुटपाथवर झोपत. लग्नानंतरही आई सहा वर्षं गावालाच होती, कारण तिला आणायचं कुठे?

आणि काळी-पिवळीवाले अजून टॅक्सीतच झोपतात. मागच्या सीटवर पाय दाराबाहेर काढून, दाराला टॉवेल वाळत. ती गाडीतली घरंच. आपण त्यांना कधी तसं म्हटलं नाही इतकंच.

एक विचारू का? राग नको. तुम्ही 'हौसेने' म्हणालात. मालकाने घर विकलं नसतं तर गाडी घेतली असतीत का?

---

अनघा_ईस्टबे | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:०९

काकांनी नेमकं बोट ठेवलं.

मी लिहू की नको असा विचार करत होते. २०१८ मध्ये मी साडेचार महिने प्रिअसमध्ये राहिले. दोन कम्युनिटी कॉलेजांत तासांवर शिकवत होते, सेमिस्टर संपलं की पगार शून्य. विद्यार्थ्यांना आकडेवारीशास्त्र शिकवायचं आणि रात्री मागची सीट पाडून झोपायचं. प्रिअस का, तर हायब्रिड असल्याने रात्रभर चालू ठेवली तरी इंजिन लागेल तेवढंच सुरू होऊन आपोआप बंद होतं, म्हणजे हीटर मिळतो.

बायकांसाठी दोन-चार गोष्टी, कुणाला उपयोग झाला तर. गाडी नेहमी तोंड बाहेर करून लावायची. ड्रायव्हरची सीट कायम मोकळी, किल्ली हाताला लागेल अशी, म्हणजे दाराबाहेर न पडता निघता येतं. जेवण, दात घासणं, कपडे हे सगळं एकीकडे उरकायचं आणि झोपायला दुसरीकडे जायचं, अंधार पडल्यावर. एकदा लावल्यावर खाली उतरायचं नाही. राहिला संडासाचा प्रश्न. मी संध्याकाळी पाचनंतर पाणी पिणं सोडलं आणि नोव्हेंबरात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन दवाखान्यात बसले. फॉर्मवर पत्त्याची जागा होती. तिथे मी कॉलेजचा पत्ता लिहिला.

माझ्या वर्गातली एक मुलगीही गाडीत राहते हे मला सकाळी सहाला जिमच्या शॉवरबाहेर कळलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि "गुड मॉर्निंग" म्हणालो. वर्गात कधीच विषय काढला नाही. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना कॉलेजच्या आवारात रात्री गाडी लावू द्यावी असं एबी ३०२ विधेयक सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात आलं होतं, ते बारगळलं. लाँग बीच सिटी कॉलेजने मात्र २०२१ मध्ये स्वतःहून सुरू केलं.

माझी काही हौस नव्हती. पण तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीही "ॲडव्हेंचर" म्हणाले असते.

---

बालाघाट | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

मी बीड जिल्ह्यातला, सध्या हिंजवडीत. धागा वाचून हसूही आलं अन् कसंतरीही झालं.

आमच्याकडं दिवाळीच्या मागंपुढं अख्खं गाव चाकावर चढतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी, कोंबड्या, वर लेकरं, अन् निघाले कारखान्याला. मुकादमाकडून उचल घेतलेली असती, नवरा-बायको मिळून एक कोयता. ती फेडीस्तोवर ऊस तोडायचा. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. टायरगाडीवाल्यांचं तर अर्धं जगणं गाडीवरच जातं. मी स्वतः तिसरीपर्यंत अर्धं वर्ष एका शाळेत अन् अर्धं वर्ष कुठंच नाही असा शिकलो. आईला पहाटं दोनला गाडी भरायला जावं लागायचं. आम्ही कोपीत एकटेच.

याचे कुणी व्हिडिओ काढत नाही. सोलर लावून पांढऱ्या चादरीचा फोटो टाकला की 'व्हॅनलाइफ', अन् आमच्या आईबापानं केलं की स्थलांतरित मजूर. धागाकर्त्याला बोलत नाही, त्यांनी सरळ लिहिलंय. पण 'कमी सामानात सुख' वगैरे कुणी सुरू करायच्या आत म्हटलं सांगून ठेवावं.

---

पुणेरी_चिवडा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

@बालाघाट, माझा वरचा प्रतिसाद फार हलका होता. राहू देतो, पण माझ्याच डोळ्याला खुपतोय.

---

ब्रिस्टलवासी | १७ नोव्हेंबर, पहाटे ४:१२

इंग्लंडातून सलाम. आमच्या गावात डाऊन्स नावाच्या मोकळ्या माळाच्या कडेला व्हॅनची रांग आहे आणि हीच भांडणं, खाडीऐवजी हिरवळ. इथे कालव्यातल्या बोटीत राहणारेही पुष्कळ. कायमचा धक्का परवडत नसेल तर दर १४ दिवसांनी बोट पुढे हाकायची. तुमचे ७२ तास ऐकून १४ दिवस म्हणजे चैन वाटली.

---

जुना_खोंड | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:०२

क्यूपर्टिनोकर, तुमच्या हप्त्यांबद्दल आदर आहे, मीही घरवालाच आहे. पण आपण दोघं जरा आरशात बघू. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या कॅलिफोर्नियातल्या कायद्यामुळे घरपट्टी खरेदीच्या किमतीवर ठरते आणि तिचा आधार वर्षाला दोन टक्क्यांपलीकडे वाढत नाही. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने १९७९ मध्ये घर घेतलं. शेजारी तसलंच घर आता घेतलेला पोरगा त्याच्या कितीतरी पट भरतो. म्हातारा घर विकेल का? मी विकेन का? आणि कोपऱ्यावर चार मजली इमारत येणार म्हटल्यावर नगरपालिकेच्या सभेत 'गावाचं रूप बिघडेल' म्हणून हात वर करणाऱ्यांत मीही होतो. २०१६ च्या आसपासची गोष्ट. नोकऱ्या हव्या, कॅम्पस हवे, सात वाजता कॉफी देणारा माणूस हवा, त्याने झोपायचं कुठे ते मात्र त्याचं त्याने बघावं.

---

क्यूपर्टिनोकर | १७ नोव्हेंबर, दुपारी १:२०

तुम्ही हात वर केलात, मी नव्हता केला हो! मी तर मीटिंगलाच गेले नव्हते. (हे काही कौतुकाचं नाही, कळतंय.) टँकरची कल्पना मात्र पटली. बहिणीच्या वस्तीच्या ग्रुपवर टाकून बघते. काय ऐकून घ्यावं लागेल याचा अंदाज आहे.

---

चाकावरचा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

काका, दोन दिवस तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहून खोडतोय. नसती घेतली.

पण तरी 'हौस' म्हणायचा हक्क मला रांगेतल्या इतरांपेक्षा जास्त आहे, हेही खरं. माझ्या खात्यात दहा महिन्यांचे पैसे आहेत. मला वाटलं तर उद्या रोझव्हिल किंवा फिनिक्सला जाऊन भाड्याने घर घेईन. माझ्या पुढच्या ट्रेलरमध्ये एक कुटुंब आहे. तो हॉटेलच्या किचनमध्ये, ती घरं साफ करते, दोन मुली. मोठी सहावीत. ट्रेलर त्यांचा नाही. एका माणसाचे असे पाच-सहा ट्रेलर आहेत, तो महिना हजार डॉलर भाडं घेतो. इकडे अशांना व्हॅनलॉर्ड म्हणतात. ना वीज, ना पाणी, दाराला कुलूप तारेचं. ट्रेलरला इंजिन नसतं, म्हणून दर तिसऱ्या दिवशी तो पिकअप आणून पुढच्या गल्लीत ओढून देतो. सप्टेंबरात एकदा आलाच नाही. काचेवर उचलून नेण्याचा स्टिकर लागलेला, संध्याकाळ झालेली, आणि ती बाई बादल्यांत सामान भरायला लागली. ट्रेलर गेला तर मुलींच्या वह्या तरी राहाव्यात म्हणून. माझ्या गाडीला मागे हुक आहे. साखळी लावली आणि मीच ओढला. मोठी मुलगी टॉर्च घेऊन पुढे चालत होती, दिशा दाखवत. मला मागचं काही दिसत नव्हतं.

शहराच्या सेफ पार्किंगच्या जागा आहेत, तिथे संडास आणि निर्धास्त झोप मिळते. मी नाव दिलेलं नाही. मुलंबाळं आणि म्हातारी माणसं आधी घेतात, ते योग्यच आहे. पुढच्या ट्रेलरमधल्या कुटुंबाचंही नाव रांगेतच आहे. अडचण अशी की गाडीची नोंदणी आणि विमा लागतो, आणि कागद त्या मालकाच्या नावावर.

अनघाताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. तुमची परवानगी असेल तर त्या किल्ली-सीटच्या सूचना भाषांतर करून पुढच्या ट्रेलरमध्ये देतो.

---

अनघा_ईस्टबे | १७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

द्या की, विचारता काय. आणि पाणी पिणं बंद करू नका म्हणावं.

---

स्वानंदी_एम | १९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

धागा वर काढते. चाकावरचा, आईला सांगितलंत का शेवटी?

---

चाकावरचा | १९ नोव्हेंबर, रात्री ९:०१

काल सांगितलं. पडदा बाजूला करून फोन सगळीकडे फिरवला. शेगडी, माळा, टाकीचा नळ, सगळं. बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं रडतेय, तर रेंज गेली होती. पुन्हा लागल्यावर पहिला प्रश्न, "देव कुठे ठेवलेस?"

देव सिंकच्या वरच्या फळीवर असतात. गाडी हलवायच्या आधी बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा काढून तांदळाच्या डब्यात रोवून ठेवतो, म्हणजे वळणावर खडखडत नाहीत. हे सांगितल्यावर तिने डबा कितीचा ते विचारलं. पाच किलोचा म्हटलं. म्हणाली, मग ठीक आहे, आणि वर गंध लावून ठेव.

बाकी प्रतिसादांना उद्या उत्तर देतो. आमचे ७२ तास साडेनऊला भरतायत आणि पुढच्या ट्रेलरवाला अजून आलेला नाही, साखळी काढून ठेवलीय.